काउंट लाली : अपयशाचा धनी

घटक ४

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला –
• काउंट लाली याच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• वांदिवाशच्या लढाईची पार्श्वभूमी, घटनाक्रम आणि परिणाम स्पष्ट करता येतील.
• चरित्रनायकाचे व्यक्तिगत दोष आणि परिस्थितीचा रेटा यांचा वेगवेगळा विचार करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जानेवारी १७६१ हा महिना मराठी मनात पानिपतामुळे कायमचा कोरला गेला आहे. १४ जानेवारीला पानिपताच्या मैदानावर मराठ्यांचा दारुण पराभव झाला. त्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, १६ जानेवारीला, देशाच्या दुसऱ्या टोकाला समुद्रकाठी असलेल्या पाँडिचेरी शहरात इंग्रजांची फौज शिरली आणि हिंदुस्थानात राज्य स्थापण्याची फ्रेंचांची उमेद संपुष्टात आली. या दोन्ही घटनांनी पुढील काळात इंग्रजांची वाट मोकळी करून दिली.

पाँडिचेरी इंग्रजांच्या हवाली करणारा फ्रेंच सेनापती म्हणजे काउंट लाली. त्याच्या पराभवाचा खरा निर्णय एक वर्ष आधी, २२ जानेवारी १७६० रोजी, वांदिवाशच्या लढाईत झाला होता. तमिळ प्रदेशातील हे गाव आज वंदवासी या नावाने ओळखले जाते. या पराभवाची किंमत लालीला पॅरिसमध्ये स्वतःचे मस्तक देऊन चुकवावी लागली.

मागील घटकात आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराची वैशिष्ट्ये पाहिली. चरित्रकाराला नायकाचे गुण जसे सांगावे लागतात, तसे त्याचे दोषही लपवून चालत नाही. मात्र नायक जेव्हा पराभूत असतो आणि त्याच्याविषयी पहिली साक्ष त्याच्या शत्रूंनीच दिलेली असते, तेव्हा हे काम अधिक अवघड होते. लालीचे चरित्र वाचताना ही अडचण तुम्ही सतत ध्यानात ठेवावी. एका मोठ्या अपयशात एका माणसाचा वाटा नेमका किती होता, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ घराणे आणि जडणघडण

टॉमस आर्थर लाली याचा जन्म जानेवारी १७०२ मध्ये फ्रान्सच्या दोफिने प्रांतातील रोमाँ या गावी झाला. त्याची आई फ्रेंच होती. वडील सर जेरार्ड लाली हे मात्र आयर्लंडचे. गॉलवे परगण्यातील टोलेंदाल हे या घराण्याचे मूळ ठिकाण. इंग्लंडच्या गादीवरून दूर झालेल्या कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सची बाजू ज्या आयरिश सरदारांनी घेतली, त्यांत सर जेरार्ड होते. १६९१ च्या लिमरिकच्या तहानंतर अशा हजारो आयरिश सैनिकांनी मायदेश सोडला आणि ते फ्रान्सच्या राजाच्या चाकरीत दाखल झाले. त्यांच्या स्वतंत्र आयरिश पलटणी तेथे उभ्या राहिल्या.

लालीचे बालपण अशा निर्वासितांच्या छावणीत गेले. गमावलेली भूमी आणि इंग्रजांविषयीचे वैर या गोष्टी त्याला वारशानेच मिळाल्या. वडिलांनी त्याला लहान वयातच पलटणीत दाखल केले. १७१४ च्या बार्सिलोनाच्या वेढ्याच्या वेळी तो जेमतेम बारा वर्षांचा होता, तरी तो त्यांच्यासोबत रणांगणावर होता. शिस्त, आज्ञापालन आणि प्रत्यक्ष धाडस यांनाच तो पुढे आयुष्यभर सर्वांत मोठे गुण मानत आला. वाटाघाटी, संयम आणि माणसे सांभाळून घेणे हे गुण मात्र त्याच्या अंगी फारसे बाणले नाहीत.

११ मे १७४५ रोजी फाँतन्वाच्या लढाईत फ्रेंचांनी इंग्रज व त्यांच्या मित्रांचा पराभव केला. या विजयात आयरिश पलटणींचा मोठा वाटा होता. लाली आपल्या नावाच्या पलटणीचे नेतृत्व करीत होता. राजा पंधरावा लुई स्वतः रणांगणावर हजर होता आणि त्याने तेथेच लालीला ब्रिगेडियरचा हुद्दा दिला. त्यानंतर जेम्सचा नातू चार्ल्स एडवर्ड याने इंग्लंडची गादी परत मिळवण्यासाठी स्कॉटलंडमध्ये उठाव केला, तेव्हा लाली त्याच्या मदतीला गेला आणि जानेवारी १७४६ मधील फॉलकर्कच्या लढाईत त्याच्या बाजूने उभा राहिला. तो उठाव फसला, पण लालीची कीर्ती वाढली. युरोपातील एक निर्भय आणि प्रामाणिक सेनानी म्हणून त्याचे नाव झाले.

४.३.२ हिंदुस्थानातील नेमणूक

१७५६ मध्ये सप्तवार्षिक युद्धाला तोंड फुटले. त्यापूर्वीच, १७५४ मध्ये, फ्रेंच कंपनीने डुप्लेला मायदेशी परत बोलावले होते. देशी राजांच्या वारसाहक्काच्या भांडणांत सैन्याची मदत द्यायची आणि त्या बदल्यात मुलूख व महसूल मिळवायचा, हे डुप्लेचे धोरण होते. त्याच धोरणाचा धागा धरून बुसी हा अधिकारी हैदराबादेत निजाम सलाबतजंगाच्या दरबारी ठाण मांडून बसला होता. कंपनीला मात्र हे सारे खर्चाचे आणि जोखमीचे वाटत होते. इंग्रजांना किनाऱ्यावरून हुसकावणे आणि कंपनीच्या कारभारातील भ्रष्टाचार मोडून काढणे, अशी दुहेरी कामगिरी लालीवर सोपवण्यात आली. लालीच्या तापट स्वभावाचा हिंदुस्थानात निभाव लागणार नाही, असा इशारा युद्धमंत्री द'आर्झाँसो याने कंपनीच्या संचालकांना दिला होता, अशी हकीकत सांगितली जाते.

मे १७५७ मध्ये लाली ब्रेस्ट बंदरातून निघाला आणि एप्रिल १७५८ च्या अखेरीस हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरला. या प्रवासाला जवळजवळ एक वर्ष लागले. हा कालावधी तुम्ही नीट ध्यानात घ्यावा. तो वाटेत असतानाच, जून १७५७ मध्ये, क्लाइव्हने प्लासीची लढाई जिंकली होती. बंगालमधील फ्रेंचांचे चंद्रनगर हे ठाणे तर त्याआधीच इंग्रजांच्या हाती गेले होते. बंगालचा पैसा आता मद्रासच्या इंग्रजांच्या मदतीला येऊ शकत होता. पाँडिचेरीचा खजिना मात्र रिकामा होता.

४.३.३ पहिले यश आणि तंजावरची मोहीम

लालीने आल्या आल्या कामाला सुरुवात केली. मे महिन्यात कडलोर आणि २ जूनला फोर्ट सेंट डेव्हिड हा इंग्रजांचा महत्त्वाचा किल्ला त्याने घेतला. पण याच काळात त्याच्या हातून गंभीर चुका घडू लागल्या. ओझी वाहण्यासाठी माणसे व बैल मिळेनात, तेव्हा त्याने पाँडिचेरीतील लोकांना जातपात वा प्रतिष्ठा न पाहता वेठीला धरले. युरोपातील छावणीचा कायदा तो या भूमीवर जसाच्या तसा लादू पाहत होता. ज्या समाजाच्या सहकार्यावाचून धान्य, गाड्या आणि बातम्या मिळणे अशक्य होते, तोच समाज त्याच्यापासून दुरावला.

यानंतर ताबडतोब मद्रासवर चाल करावी, असा लालीचा बेत होता. परंतु आरमाराचा प्रमुख द'आशे साथ देईना आणि पाँडिचेरीचा गव्हर्नर द लेरी पैसे नसल्याचे सांगू लागला. तेव्हा पैसा मिळवण्यासाठी लालीने तंजावरकडे मोर्चा वळवला. तंजावरचे राज्य शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी स्थापन केले होते आणि या वेळी तेथे प्रतापसिंह भोसले गादीवर होते. काही वर्षांपूर्वी तंजावरकडून लिहून घेतलेला ५६ लाख रुपयांचा एक रोखा फ्रेंचांजवळ पडून होता. तो वसूल करण्याचा हा प्रयत्न होता.

ही मोहीम फ्रेंचांना फार महाग पडली. वाटेत किवलूर येथील देवस्थानाजवळ हेर असल्याच्या संशयावरून काही ब्राह्मणांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. या क्रूर कृत्याने सारा मुलूख बिथरला. प्रतापसिंहांनी बोलणी लांबवत ठेवली आणि वेढा रेंगाळला. तेवढ्यात ३ ऑगस्ट १७५८ रोजी इंग्रज आरमाराचा प्रमुख पोकॉक याने द'आशेच्या आरमाराला मागे रेटल्याची बातमी आली. दारूगोळा व अन्न संपत आले होते. लालीला वेढा उठवावा लागला आणि परतीच्या वाटेवर तंजावरच्या घोडेस्वारांनी त्याच्या फौजेला सतावून सोडले.

४.३.४ मद्रासचा वेढा

दरम्यान लालीने हैदराबादेहून बुसीला परत बोलावले. सारी शक्ती एका ठिकाणी आणून मद्रास घ्यावे, असा त्याचा विचार होता. लष्करी दृष्टीने तो विचार अगदीच चुकीचा नव्हता. मात्र त्याचे परिणाम वाईट झाले. बुसीच्या पाठोपाठ दख्खनमधील फ्रेंचांचा दबदबाही गेला. इंग्रजांनी उत्तर सरकार प्रांतात फ्रेंचांचा पराभव करून एप्रिल १७५९ मध्ये मच्छलीपट्टण घेतले आणि सलाबतजंगाने इंग्रजांशी तह केला. लाली व बुसी यांचे सूरही कधी जुळले नाहीत. लालीला बुसी हा देशी दरबारात गबर झालेला माणूस वाटे, तर बुसीच्या दृष्टीने लाली या देशाची रीत न जाणणारा होता.

डिसेंबर १७५८ मध्ये लालीने मद्रासला वेढा घातला. शहराचा बाहेरचा भाग त्याच्या ताब्यात आला, परंतु तेथील लुटीत आणि मद्यात सैनिक शिस्त विसरले. आतल्या किल्ल्यात गव्हर्नर पिगट आणि अनुभवी सेनानी स्ट्रिंजर लॉरेन्स यांनी चिवट प्रतिकार केला. वेढा दोन महिने चालला. १६ फेब्रुवारी १७५९ रोजी इंग्रजांची जहाजे क्षितिजावर दिसली आणि दुसऱ्या दिवशी लालीने वेढा उठवला. तंजावरप्रमाणे येथेही लढाईचा निकाल समुद्राने लावला. त्याच वर्षी १० सप्टेंबरला पोकॉकशी आणखी एक लढाई झाल्यावर द'आशे आपली जहाजे घेऊन मॉरिशसकडे निघून गेला. तो पुन्हा परतला नाही.

४.३.५ वांदिवाशची लढाई

ऑक्टोबर १७५९ मध्ये फ्रेंच सैनिकांनीच बंड केले. त्यांचा पगार कित्येक महिने थकला होता. लालीने स्वतःजवळची रक्कम घालून आणि इतरांकडून पैसे उभे करून त्यांची कशीबशी समजूत काढली. त्यानंतर पैसा व धान्य मिळवण्याच्या आशेने त्याने फौजेचा एक भाग दक्षिणेकडे श्रीरंगमला धाडला. फौज अशी विभागली गेली असतानाच इंग्रजांनी नोव्हेंबरच्या अखेरीस वांदिवाशचा किल्ला घेतला.

इंग्रजांचा नवा सेनापती आयर कूट हा होता. प्लासीच्या लढाईत तो सहभागी होता आणि नुकताच नव्या पलटणीसह मद्रासला आला होता. योगायोग असा की तोही मूळचा आयर्लंडमधील लिमरिकचाच होता. ज्या शहरातील तहाने लालीच्या वडिलांना परदेशी जावे लागले, त्याच मुलखातील, पण विरुद्ध पक्षाच्या घराण्यातील, हा सेनानी आता लालीसमोर उभा होता.

जानेवारी १७६० मध्ये लालीने किल्ला परत मिळवण्यासाठी वांदिवाशला वेढा घातला. कूट किल्ल्याच्या मदतीला धावून आला आणि २२ जानेवारीला दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे दोन हजार युरोपीय सैनिक होते आणि त्यांच्याखेरीज हिंदी शिपाई व घोडेस्वार होते. गुत्तीचे मुरारराव घोरपडे यांच्याकडील मराठा घोडेस्वार लालीने चाकरीस घेतले होते, पण प्रत्यक्ष लढाईत ते दूरच राहिले. बुडत्या पक्षासाठी जीव धोक्यात घालण्याचे त्यांना कारण नव्हते.

लालीने प्रथम आपल्या युरोपीय घोडदळाला हल्ल्याचा हुकूम दिला. घोडदळ जागचे हलेना. तेव्हा तो स्वतः त्यांच्या अग्रभागी गेला. परंतु इंग्रजांच्या तोफांचा मारा सुरू होताच घोडदळ फुटले. मग लोरेन पलटणीने दाट रांगा करून कूटच्या पलटणीवर धडक दिली. इंग्रजांनी ती अगदी जवळ येईपर्यंत वाट पाहिली आणि बंदुकांचा भडिमार करून ती मोडली. एवढ्यात फ्रेंचांच्या डाव्या बाजूच्या मोर्चात दारूगोळ्याच्या गाड्याला आग लागून मोठा स्फोट झाला. मोर्चातील सैनिक भेदरून पळाले आणि इंग्रजांनी ती जागा काबीज केली. ती परत घेण्यासाठी बुसी संगिनी परजलेल्या सैनिकांसह पुढे सरसावला. पण त्याचा घोडा जखमी झाला आणि तो शत्रूच्या हाती सापडला. दुपारपर्यंत फ्रेंच फौज आपल्या तोफा टाकून माघार घेत होती.

४.३.६ पाँडिचेरीची अखेर

वांदिवाशनंतर अर्काट, कारिकल आणि इतर ठाणी एकामागून एक इंग्रजांकडे गेली. लालीने हैदर अलीशी करार करून मदत मिळवण्याचा प्रयत्न केला, पण म्हैसूरमधील उलथापालथीमुळे हैदरला आपले सैन्य मागे घ्यावे लागले. अखेर पाँडिचेरीला जमिनीवरून आणि समुद्रावरून वेढा पडला.

नोव्हेंबर १७६० मध्ये धान्य वाचवण्यासाठी लालीने शहरातील सुमारे १४०० देशी रहिवाशांना वेशीबाहेर काढले. इंग्रजांनी सुरुवातीला त्यांना पुढे जाऊ दिले नाही आणि फ्रेंच त्यांना परत आत घेईनात. दोन फौजांच्या मध्ये ही माणसे कित्येक दिवस उपाशी अडकून पडली. शेवटी इंग्रजांनी त्यांना वाट दिली. साम्राज्यांच्या या झुंजीत ज्यांचा काही संबंध नव्हता, त्यांनाच सर्वांत आधी तिची झळ लागली, हे या प्रसंगातून तुमच्या लक्षात येईल.

१ जानेवारी १७६१ रोजी चक्रीवादळाने इंग्रजांची काही जहाजे बुडवली. शहरात आशा पालवली. पण काही दिवसांतच इतर इंग्रज जहाजांनी कोंडी पुन्हा पक्की केली. आत खायला उरले नव्हते. लोक हत्ती, उंट आणि कुत्र्यांचेही मांस खाऊ लागले होते. लाली स्वतः आजारी होता. त्याने शरणागती पत्करली आणि १६ जानेवारीला इंग्रज शहरात आले. तो पालखीतून बाहेर पडला, तेव्हा त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याची हुर्यो उडवली. इंग्रजांनी पुढे पाँडिचेरीची तटबंदी जमीनदोस्त केली.

४.३.७ खटला आणि मृत्युदंड

लालीला युद्धकैदी म्हणून इंग्लंडला नेण्यात आले. तेथे असताना त्याला कळले की फ्रान्समध्ये त्याच्यावर राजद्रोहाचे आरोप होत आहेत. तो इंग्लंडमध्ये सुरक्षित राहू शकला असता. परंतु आपली बाजू मांडण्यासाठी त्याने परवानगी मिळवली आणि तो आपण होऊन पॅरिसला गेला. नोव्हेंबर १७६२ मध्ये त्याला बास्तीयच्या तुरुंगात टाकण्यात आले.

पाँडिचेरीहून परतलेले अधिकारी आणि कंपनीचे नोकर त्याच्याविरुद्ध साक्षी देण्यास पुढे आले. यांतील अनेकांच्या कारभारावर लालीने पूर्वी भ्रष्टाचाराचा ठपका ठेवला होता. एका हकिकतीवरून या खटल्याचे स्वरूप तुम्हांला समजेल. पाँडिचेरीतील जेझुइट धर्मगुरू लावूर याच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदांत लालीविषयी दोन टिपणे सापडली, असे प्रसिद्ध आहे. एकात त्याची स्तुती होती, दुसऱ्यात आरोप होते. न्यायालयासमोर आरोपांचे टिपणच आले.

६ मे १७६६ रोजी पॅरिसच्या न्यायसभेने राजा, राज्य आणि कंपनी यांच्या हिताचा घात केल्याबद्दल त्याला दोषी ठरवले. ९ मे रोजी, लोकांसमोर बोलू नये म्हणून तोंडात बोळा कोंबून, त्याला एका गाडीतून वधस्थानी नेण्यात आले आणि त्याचा शिरच्छेद झाला. त्या वेळी तो ६४ वर्षांचा होता.

पुढे त्याचा मुलगा त्रोफीम जेरार याने वडिलांच्या नावावरील कलंक धुऊन काढण्याचा ध्यास घेतला. विचारवंत व्हॉल्तेर याने त्याला साथ दिली. मे १७७८ मध्ये राजाच्या परिषदेने मूळ निकाल रद्द केला. ही बातमी कळली तेव्हा व्हॉल्तेर मृत्युशय्येवर होता. त्यानंतर फेरविचाराचे प्रकरण एका न्यायसभेकडून दुसरीकडे जात राहिले.

४.३.८ मूल्यमापन

लालीचे दोष खरे होते. तो उद्धट आणि संशयी होता, या देशातील माणसांविषयी बेपर्वा होता. किवलूरची क्रूरता आणि पाँडिचेरीतील वेठबिगार यांचे समर्थन करता येणार नाही. पण देशद्रोही तो नव्हता. इंग्रजांशी वैर हाच ज्याच्या आयुष्याचा वारसा होता, त्याने त्यांच्याशी संगनमत केल्याची कल्पना त्याच्या चरित्राशी मुळीच जुळत नाही.

आता पराभवाची कारणे पुन्हा पाहा. आरमार दुबळे होते. खजिना रिकामा होता. इंग्रजांना बंगालचा आधार होता. गव्हर्नर, आरमारप्रमुख आणि सेनापती हे एकमेकांच्या आज्ञेत नव्हते. डुप्लेला परत बोलावून कंपनीने आपलेच धोरण आधी मोडले होते. वांदिवाशला लाली जिंकला असता, तरी सैनिकांचा पगार कोठून आला असता आणि समुद्रावरील कोंडी कोणी फोडली असती? या प्रश्नांची उत्तरे लालीच्या स्वभावात सापडत नाहीत. कंपनी आणि राजदरबार यांनी ती स्वतःजवळ शोधण्याऐवजी एका माणसावर सारा दोष टाकला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७६९ मध्ये, फ्रेंच कंपनीचा व्यापारी मक्ताही संपुष्टात आला.

पानिपताची चर्चा करताना आपणही असेच वागतो का, याचा विचार करावा. सदाशिवरावभाऊंचा हट्ट आणि ताठा यांच्यावर परंपरेने बोट ठेवले गेले आहे. मात्र तुटलेली रसद, पैशाची चणचण, यात्रेकरूंचा भार आणि उत्तरेतील मित्रांचा अभाव ही कारणे स्वभावापलीकडची आहेत. भाऊंच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहीमखान गारदी हा बुसीच्या फ्रेंच कवायती पद्धतीत तयार झालेला होता, हा या दोन कहाण्यांना जोडणारा प्रत्यक्ष दुवा आहे. तुम्ही 'भाऊसाहेबांची बखर' वाचाल, तेव्हा लालीचे चरित्र आठवून पाहावे.

४.४ सारांश

आयरिश निर्वासिताच्या घरी जन्मलेला लाली युरोपात शूर सेनानी म्हणून गाजला. हिंदुस्थानात त्याला अपुरा पैसा, निघून गेलेले आरमार आणि आपसांतील वैर यांच्याशी झुंजावे लागले. त्याच्या तापट स्वभावाने आणि क्रूर निर्णयांनी या अडचणी वाढवल्या. वांदिवाशच्या पराभवाने दक्षिणेतील फ्रेंच सत्तेचा कणा मोडला आणि पाँडिचेरीच्या पाडावाने तिचा शेवट झाला. १७६३ च्या पॅरिसच्या तहाने पाँडिचेरी फ्रेंचांना परत मिळाली, परंतु राजकीय वर्चस्व परत मिळाले नाही. लालीला झालेली शिक्षा ही त्याच्या दोषांपेक्षा फार मोठी होती आणि तिच्यामागे इतरांचे दोष झाकले गेले.

४.५ शब्दार्थ

• रोखा – पैसे देण्याचे लेखी वचन
• मोर्चा – लढाईसाठी तयार केलेली संरक्षित जागा
• संगीन – बंदुकीच्या टोकाला लावलेले पाते
• रसद – सैन्यासाठी लागणारा अन्नधान्याचा पुरवठा
• मक्ता – व्यापाराचा एकाधिकार

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. लालीच्या बालपणाचा त्याच्या पुढील वर्तनावर कोणता परिणाम झाला, ते लिहा.
२. तंजावर आणि मद्रास येथील अपयशांत आरमाराची भूमिका स्पष्ट करा.
३. वांदिवाशच्या लढाईचा घटनाक्रम तुमच्या शब्दांत सांगा.
४. लालीविरुद्धच्या साक्षी वाचताना चरित्रकाराने कोणती दक्षता घ्यावी?
५. तुमच्या परिसरातील एखाद्या संस्थेच्या वा उपक्रमाच्या अपयशाची माहिती किमान तीन व्यक्तींकडून घ्या. त्यांच्या सांगण्यात दोष कोणावर आणि का टाकला जातो, यावर दोनशे शब्दांत टिपण लिहा.